मनगट

वणी, मंगळवार, १२ डिसेंबर २००६

पोरीची वही समोर उघडी आहे. सही बाकी आहे.

सकाळी तिनं विचारलं, "अब्बा, मोटारीसाठी सगळ्यात मोठा शोध कोणता? शाळेत निबंध आहे." मी म्हणलं, सेल्फ, किल्ली फिरवली का इंजिन चालू करणारा. त्याच्याआधी हँडल मारून इंजिन चालू करा लागे. माह्या अब्बांचं मनगट वाकडं काहून होतं? हँडल उलटं फिरलं म्हणून.

मोठ्या तोऱ्यात सांगितलं. अन् परवा मीच काय केलं? मनोहर ड्रायव्हर कापसाचा मेटॅडोर घेऊन माह्या गॅरेजात आलता. सेल्फ फिरत नव्हता. मी थकलो होतो. म्हणलं, "दुरुस्ती आजच कायले? उतारावर लाव, चाकाखाली दगड ठेव. दगड काढला का गाडी घरंगळते, गिअर टाकला का चालू होते."

आज कापसाच्या जिनिंग मिलसमोर त्यानं दगड काढला, पळत स्टेअरिंग धरायला गेला अन् पाय चाकाखाली आला. एकटाच होता. दवाखान्यात भेटाले गेलतो. तो म्हणे, "उस्ताद, तुमची चूक नाही जी. मलेच जोरात पळता नाही आलं." त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सेल्फ दुरुस्त करणं तासाभराचं काम होतं. तासाभराचं.

पोरीनं निबंधात शेवटी लिहिलंय, 'माझे अब्बा सेल्फ बिघडलेली गाडी गॅरेजबाहेर जाऊ देत नाहीत.' त्याच्याखाली पालकाची सही पाहिजे.

पेन धरून केव्हाचा बसून राह्यलो. मनगट तर माहं सरळ आहे.