वाटीभर भाजी

ड्रायव्हरसाहेब,

फ्रिजमधली वाटी शोधू नकोस, धुऊन टाकली. सोमवारी तू माझ्यासाठी ठेवलेली वाटाण्याची भाजी मी तुझ्यासाठी ठेवली, तू परत माझ्यासाठी. आज झाकण काढलं तर आंबलेली! एकमेकांच्या काळजीपायी दोघंही उपाशी. शहाणेच आहोत आपण!

काल वॉर्डात एका आजोबांना भरवत होते. ते अर्धा तास एकेक घास चवीनं चघळत होते. मध्येच म्हणाले, "सिस्टर, तुमचे मिस्टर असेच सावकाश जेवतात का हो?" मी 'हो' म्हणायला गेले, तर तू जेवताना कसा दिसतोस तेच डोळ्यांसमोर येईना. रडूच फुटलं. आजोबा बिचारे घाबरले.

म्हणून आज दुपारची सुट्टी मागून घेतली आहे. तू बाराला येशील, मी एकला येते. भाजी नव्यानं केली आहे. टेबलावरचा इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग पलंगावर टाकलाय, तो परत तिथे आणू नकोस. तुझी बस तीनला सुटते, मला ठाऊक आहे. म्हणजे दोन तास आहेत आपल्याकडे. नेहमीसारखा ओट्यापाशी उभ्याउभ्या खाऊन पळालास तर याद राख.

माझ्यासाठी भाजी पुष्कळ राखलीस. आज फक्त भूक राखून ठेव.