देवीचा डावा हात

३० ऑगस्ट २०२५
सत्यानाश. धूळ पुसताना काळी देवी हातातून सटकली अन् तिचा डावा हात मनगटापासून तुटला. वीतभर मूर्ती, कुरुंद्याच्या हळदीच्या वावरात निघालेली. आमच्या संग्रहालयात बघण्यासारखं तेवढंच एक! फेविक्विकनं चिकटवला. साहेबांना सांगितलं नाही — बारा वर्षांची नोकरी गेली असती. फक्त घरी आत्याबाईंना सांगितलं. सासू असल्या तरी पोटात ठेवतात. म्हणाल्या, "खंडित देव ठेवू न्हाई, पद्मजा. पाप लागतं." त्यांचं आपलं काहीतरी.

३ सप्टेंबर
देवी चोरीला गेली. सकाळी होती, संध्याकाळी कपाट रिकामं. कुलूप जसंच्या तसं. किल्ल्या दोनच — एक माझी, एक चौकीदार जळबाची. माझी दिवसभर पर्समध्ये. दुपारी जेवून हात धुवायला उठले तेवढंच, तेव्हाही पर्सजवळ आत्याबाई बसल्या होत्या, डबा घेऊन आलेल्या. म्हणजे कोण उरलं?
खरं लिहू? जरा हायसंही वाटलं. तुटका हात आता कुणाला दिसणार नाही.

४ सप्टेंबर
पोलीस येऊन गेले. जळबा नजर देत नाही. काहून? काल जाताना त्याची थैली जड होती. विचारलं तर म्हणे, "ज्वारी हाय ताई, लेकीनं धाडली." चोराच्या मनात चांदणं.

६ सप्टेंबर
गणपती बोळवला. पुलावर ही गर्दी. निर्माल्याची पिशवी आत्याबाईंनी माझ्याच हातात दिली. "तूच सोड बाई, तुझ्या हातानं." ओल्या फुलांचं केवढं ते वजन. कयाधूला पाणी मस्त होतं.
जळबाही दिसला, हात जोडून उभा. मला बघून बाजूला सरकला. आता काय मागत होता देवाला?

९ सप्टेंबर
ठाण्यात जबाब दिला. जड थैलीचं सांगितलं. ज्वारीचं राहून गेलं.
राहून गेलं नाही. सांगितलं नाही.

१५ सप्टेंबर
देवीचा पत्ता नाही. पण जळबाला कामावरून काढलं. साहेब म्हणाले, "पुरावा नसू द्या, पण असा माणूस नको." त्याची बायको शकुबाई दारात आली. "ताई, चौकीदारीला बावीस वरसं झाले. तुमची सासू रोज थैली घेऊन ये-जा करती, त्यांनी कदी उघडून बघितली का?" मला रागच आला. याचा अन् त्याचा काय संबंध?

२१ सप्टेंबर
उद्या घट बसणार. आत्याबाई चिंचेनं देव घासत होत्या. सहज बोलून गेल्या, "औंदा मन साफ हाय. खंडित देवी गणपतीसंगं बोळवली, तुझं पाप फिटलं. तू हात धुवायला गेलीस तवाच काढली व्हती मी."
पुलावरून ती पिशवी मी सोडली. माझ्या हातानं.
म्हटलं, मग जळबाचं काय? तुम्ही का नाही बोललात?
देव घासत घासतच म्हणाल्या, "त्याचं नाव मी कुटं घेतलं? ते तर तूच सांगून आलीस."