बोलता येईल इतकंच चालायचं

नोएडा,
९ मार्च १९९९

प्रिय उत्तरा,

पत्र पाहून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. दर रविवारी तुझा फोन येत असताना बाबांना पत्राची लहर का आली, असं तुला वाटेल. अगं, फोनवर तुझी आई शेजारी पहारा देत उभी असते. माझी दोन वाक्यं झाली की 'पुरे आता, दम लागेल' म्हणून रिसीव्हर काढून घेते. पत्र लिहिताना दम लागत नाही. हॉस्पिटलच्या वाटेवर पेटीत टाकीन, तिला न सांगता.

ऑक्टोबरात बायपास झाल्यापासून या घरात मी म्हणजे काचेचं सामान झालो आहे. पाण्याचा तांब्या उचलला तरी तुझी आई लाटणं हातात घेऊन धावत येते. होळीला मला अर्धी पुरणपोळी मिळाली, तीही तुपाशिवाय. तेही सोसलं. पण वाईट बातमी माझ्या कानांवर येऊ द्यायची नाही, असा जो कायदा तिने केला आहे, तो काही सोसत नाही. पेपर आधी ती चाळते, मग मला मिळतो. गेल्या महिन्यात कोटलावर पाकिस्तानशी कसोटी चालू होती, तर बाईसाहेबांनी केबलची तारच काढून ठेवली. आपण जिंकलो हे मला व्यायामाच्या वर्गात कळलं. आनंदाचाही धक्का बसतो म्हणे!

या वर्गाबद्दल तुला नीट सांगायचं राहूनच गेलं. आठवड्यातून तीनदा चार्टर्ड बसने हॉस्पिटलात जातो, तिथेच हा वर्ग भरतो. आम्ही दहाबाराजण असतो, सगळ्यांच्या छातीवर वरपासून खालपर्यंत तीच शिवण. वीणा मॅडम म्हणून लखनौची एक मुलगी आहे, तुझ्याच वयाची असेल. ती छातीला तारा चिकटवते आणि फिरत्या पट्ट्यावर चालायला लावते. पहिल्या दिवशी मी तिला सरळ विचारलं, की ज्या हृदयाला आराम द्यायचा त्यालाच कामाला का जुंपता? ती हसून म्हणाली, "अंकलजी, आराम से ही तो ये बिगड़ा है." निवृत्त उपसचिवाला असं तोंडावर बोलणारी मंत्रालयात कोणी भेटली नव्हती. मला ती फार आवडली.

तिचा एक नियम आहे. चालता चालता बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटायला लागलं की वेग जास्त झाला, कमी करायचा. म्हणून पट्ट्यावर प्रत्येकाने काही ना काही बोलत राहायचं. मी काय बोलणार? शाळेत घोकलेली पावकी-निमकी म्हणतो. तुम्हा दिल्लीत वाढलेल्या पोरांना ती येत नाही म्हणून किती बोलायचो मी तुला! पाव, अर्धा, पाऊण यांचे ते पाढे आता माझ्या कामी येताहेत. वर्गातल्यांना वाटतं, मी कसलंसं स्तोत्र म्हणतो. माझ्या शेजारच्या पट्ट्यावरचे राजौरी गार्डनचे हरबन्ससिंग तर माझं संपेपर्यंत स्वतः बोलत नाहीत, इतका त्यांना आदर.

हे हरबन्ससिंग म्हणजे सहा फुटी, गडगडाटी हसणारा माणूस. एका सकाळी आले ते गप्प. मॅडम म्हणाल्या, बोलिए सरदारजी. तर ते चालता चालता बोलू लागले. ते आयसीयूत असताना लुधियानाला त्यांचा थोरला भाऊ गेला. घरच्यांनी सांगितलं नाही. नंतरही नाही. हे रोज भावाची खुशाली विचारायचे आणि मुलं म्हणायची, ताऊजी मजेत आहेत. आदल्या संध्याकाळी कुणा नातेवाइकाच्या तोंडून निसटलं. मला म्हणाले, "डॉक्टर ने छाती खोल के दिल देख लिया, शांतारामजी, पर घरवालों को अब भी भरोसा नहीं." त्यांचा वेग मॅडमनी कमी केला आणि आम्ही सगळे आपापल्या पट्ट्यावर खाली बघत चालत राहिलो. घरी येताना बसमध्ये मला सारखी तुझी आठवण येत होती.

का, ते सांगतो. तू माझ्याशी भांडायचं सोडून दिलं आहेस, उत्तरा. आर. के. पुरमचं क्वार्टर सोडायच्या वेळी तू मला बजावलं होतंस, की लिफ्ट बसल्याशिवाय या सोसायटीत तिसरा मजला घेऊ नका. मी ऐकलं नाही. लिफ्टच्या जागेत अजून लोक सायकली ठेवतात. हॉस्पिटलमधून आलो तेव्हा शेजाऱ्यांनी मला खुर्चीत बसवून वरात काढावी तसं वर नेलं, आणि तू मागून माझी पिशवी घेऊन चढत होतीस. 'मी सांगितलं नव्हतं?' म्हणायचा तुझा पुरेपूर हक्क होता. तू चकार शब्द काढला नाहीस. मला तेव्हाच चुकल्यासारखं वाटलं. आता रविवारी तुझा फोन येतो तर मागे रिक्षांचे हॉर्न ऐकू येतात. घरचा फोन असताना बूथवरून का बोलतेस, म्हटलं तर फोन बिघडलाय. अनुराग कसा आहे, तर टूरवर. सगळं कसं छान, छान, छान. इतकी गोड तू कधीच नव्हतीस गं.

परवा तुझ्या आईने भिंतीवरचा तुमच्या लग्नाचा फोटो उतरवून कपाटात ठेवला. काच सैल झाली आहे म्हणाली. मी काच पाहिली, घट्ट होती. दुसऱ्या दिवशी ती भाजीला गेल्यावर मी पुण्याला तुमच्या घरी फोन लावला. एसटीडीला तिने कुलूप घातलंय, पण त्याचा आकडा मीच ठरवलेला. अनुरागने उचलला. बिचारा गडबडला. म्हणाला, "बाबा, उत्तरा जुलैपासून इथे राहत नाही. मला वाटलं, तुम्हाला सांगितलं असेल." मी बरं म्हणून ठेवून दिला. मग पलंगावर बसलो आणि मॅडमनी शिकवल्याप्रमाणे मनगट धरलं. नाडी जोरात पळत होती. मी धरून बसलो. हळूहळू ती आपल्या जागेवर आली. रडू मात्र लवकर थांबेना. पण रडण्याने टाके उसवत नाहीत, एवढं कळलं. जुलैपासून, म्हणजे माझ्या उशाशी बसून मला संत्र्याच्या फोडी सोलून देत होतीस तेव्हाही हे पोटात घेऊन बसली होतीस. पोरी, कसं गं जमवलंस? आणि तुझी आई, जी पदराच्या गाठीत माझी जिभेखालची गोळी बांधून हिंडते, तिने तुझं दुःखही त्याच गाठीत बांधून ठेवलं. आता तिला मोकळं करायला हवं, तुलाही.

म्हणून हे पत्र. रजा काढ आणि घरी ये. तुझी बॅग मी वर नेणार आहे. हल्ली भाजीची पिशवी घेऊन तिन्ही मजले न थांबता चढतो, आईला ठाऊक नाही. संध्याकाळी सेक्टरच्या बागेत आपण दोघं फिरायला जाऊ. तिथली सेमल, म्हणजे आपली काटेसावर, सध्या लालभडक फुलली आहे. चूक कोणाची, पुढे काय, याची मला घाई नाही. तू फक्त बोलत राहा, पहिल्यापासून, काही न गाळता. मी चालत राहीन. मला दम लागला तर बाकावर बसू, श्वास जागेवर येऊ देऊ, आणि उठून राहिलेलं ऐकू. अर्ध्यावर थांबू नकोस. माझं हृदय आता त्यासाठीच तयार होतं आहे, बाळा.

भांडायला केव्हाचा आसुसलेला,
तुझाच,
बाबा