पाच नळ्या पुसायच्या राहिल्या

बाबा,

तुमचं गणित चुकलं नव्हतं. एवढं एक वाक्य लिहायला बसले होते, पण ते लिहून झाल्यावर हात थांबेना, कारण नुसत्या त्या वाक्यानं काही भागत नाही. मी आता तुम्ही गेलात त्या वयाहून पुष्कळ मोठी आहे. गुडघे दुखतात, वाचायला दोन चष्मे लागतात, आणि तरी तुमच्यासमोर हे सांगायचं म्हटलं की तोंडाला कोरड पडते. तुम्ही नाही आहात हे ठाऊक असूनसुद्धा पडते.

कलकत्त्याच्या पूर्वेच्या टोकाला, जिथे शहर संपून मासे पाळायची तळी सुरू होत, तिथल्या त्या लहान रुग्णालयात तुम्ही इंजिनिअर म्हणून बदली होऊन आलात तेव्हा मी कॉलेजात होते. रुग्णालयाचं सांडपाणी मागच्या कालव्यात जाई आणि कालव्यातून तळ्यांत. पूर्वी त्यात ब्लीचिंग पावडर टाकत. जंतू मरत, पण पावडर जरा जास्त झाली की मासेही मरत, आणि तळ्यांवरचे कोळी फाटकाशी येऊन बसत. तुम्ही त्यावर प्रयोग म्हणून ते सहा दिवे मागवलेत. गाळ खाली बसलेलं पाणी सिमेंटच्या एका अरुंद पाटातून न्यायचं आणि पाटात बुडवून ठेवलेले अतिनील किरणांचे दिवे त्यातले जंतू मारणार, माशांना काही होणार नाही. दिवे परदेशातून आले होते. प्रत्येक दिवा क्वार्ट्झ काचेच्या एका लांब नळीत, म्हणजे पाणी दिव्याला लागायचं नाही आणि प्रकाश मात्र आरपार जायचा. तळ्यांवरच्या म्हाताऱ्या मुकादमाला तुम्ही स्वतः नेऊन तो पाट दाखवलात आणि तुमच्या मोडक्या बंगालीत सांगितलंत, की आता पावडर पडणार नाही, हा माझा शब्द.

मी बी.एस्सी. होऊन घरी बसले होते, आणि तिथल्या प्रयोगशाळेत तात्पुरती जागा निघाली, म्हणून तुमच्याच हाताखाली आले. पहिल्याच आठवड्यात तुमची बोलणी खाल्ली. तुम्ही विचारलंत, दिवे ठीक आहेत ना, आणि मी लांबूनच पाण्यावरचा निळसर उजेड बघून म्हटलं, "लागलेत की सगळे." तुम्ही दिवे बंद केलेत, चाक फिरवून नळ्यांची चौकट पाण्यातून वर घेतलीत आणि एका नळीवरून कापसाचा बोळा फिरवून तो माझ्यापुढे धरलात. तपकिरी, बुळबुळीत. "दिवा लागला म्हणजे काम करतोय, असं कोणी सांगितलं तुला? आपल्याला उजेड दिसतो. जंतूला यातलं काही पोचत नाही. हे पुसणं हेच इथलं काम आहे, बाकी सगळी शोभा." तुमचा आवाज चढला नव्हता. तो कधीच चढत नसे, त्यामुळेच ते बोलणं आठवडाभर कानात राहिलं.

मग हे पुसणं आपल्या घरातही आलं. नळीवर दोन थर बसायचे. वरचा शेवाळासारखा, तो ओल्या फडक्यानं निघे. खालचा क्षारांचा, लोखंडाच्या गंजासारखा. तो आम्लाशिवाय सुटत नसे. सायट्रिक ॲसिडचा डबा संपला आणि नवा मिळेना, तेव्हा तुम्ही सियालदहच्या घाऊक बाजारातून कागदी लिंबांची करंडी घेऊन आलात. अजून दिसतं मला ते. स्वयंपाकघरात आई पाटावर बसून लिंबं चिरते आहे, मी पिळते आहे, तुम्ही पंच्यानं रस गाळून बरण्या भरताय. आईच्या बोटाला विळीची एक चीर होती, रस लागला की ती हात झटकायची. "त्या नळ्यांची एवढी बडदास्त," ती म्हणाली, "माझ्या गॅसच्या शेगडीकडे बघा कधीतरी." तुम्ही हसलात. उरलेल्या सालींचं तिनं लोणचं घातलं, ते वर्षभर पुरलं. बाबा, त्या दुपारी आपण तिघंही सुखी होतो. मला हे लिहून ठेवायचं आहे, कारण पुढचं लिहिल्यावर ते खरं वाटणार नाही.

त्या वर्षी सीमेपलीकडून निर्वासित माणसं येऊ लागली. सियालदहच्या फलाटांवर पाय ठेवायला जागा नव्हती, आणि आपल्या कालव्याच्या काठावरही चटया आणि बांबू लावून वस्ती झाली. ती माणसं त्याच पाण्यात भांडी घासत, पोरांना आंघोळ घालत. पटकी सुरू झाली. रुग्णालयाच्या व्हरांड्यात, जिन्याखाली, सगळीकडे खाटा. सांडपाणी दुपटीनं वाढलं आणि इतकं गढूळ झालं की सकाळी पुसलेली नळी संध्याकाळपर्यंत तपकिरी होई. तुम्ही दिवसातून दोनदा पुसायचा नियम केलात. प्रयोगशाळेत रोग्यांचेच नमुने इतके येत की आपल्या पाण्याचा नमुना तीन दिवसांतून एकदाच घेतला जाई, आणि त्याचा निकाल यायला आणखी दोन दिवस. त्यामुळे मधल्या दिवसांचा भरवसा फक्त पुसण्यावर. हे तुम्हीच मला समजावलं होतं.

आणि तुम्हाला ताप आला. पहिल्या दिवशी मी आणि सफाईवाले दोघं मिळून सगळं नीट केलं. दुसऱ्या दिवशी बंद होता, ट्राम नाही, बस नाही. मी चालत पोचले, ते दोघं आलेच नाहीत. सकाळची पुसणी मी एकटीनं केली. दुपारी चार वाजता पुन्हा दिवे बंद करून चौकट वर घेतली. पहिली नळी सोडवली, लिंबाचा रस लावला, आणि ती हातातून निसटली. सिमेंटच्या कडेवर आपटून तिचे दोन तुकडे झाले. फार मोठा आवाजही झाला नाही. जादा नळी नव्हती. परदेशातून यायची म्हणजे कित्येक महिने.

मी तिथेच खाली बसले. पलीकडे व्हरांड्यात कोणी बाई रडत होती, एकसारखी, दम न घेता. मला वाटलं, मी आणखी एक नळी हातात घेतली तर तीही फुटणार. हे कारण खरं आहे, पण अर्धंच. दुसरं अर्धं असं, की मला तिथून निघून जायचं होतं. त्या वासातून, त्या रडण्यातून, त्या तपकिरी बुळबुळीतून. मी रिकाम्या जागी रबरी बूच बसवलं, बाकीच्या पाच नळ्या होत्या तशाच पाण्यात सोडल्या आणि दिवे लावले. निळा उजेड पडला. नोंदवहीत लिहिलं: एक नळी फुटली, उरलेल्या पाच साफ केल्या. खाली सही केली. मी निघताना प्रयोगशाळेतला माणूस बाटली घेऊन नमुना भरायला येत होता. नमुन्याचा तो तिसरा दिवस होता. मी त्याला थांबवू शकले असते. "उद्या घ्या," एवढंच म्हणायचं होतं.

घरी तुम्ही अंथरुणात उठून बसलात. नळी फुटल्याचं ऐकून तुम्ही पहिल्यांदा माझे हात उलटेपालटे करून बघितलेत. "कापलं नाही ना कुठे?" मग आकडेमोडीची पट्टी, तुमचा तो स्लाइड रूल, मागितलात, कागदावर आकडे मांडलेत आणि म्हणालात, "पाणी आहे त्याच वेगानं सोडलं तरी पाच पुरतील. स्वच्छ असल्या की पुरतील." दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मफलर गुंडाळून कामावर आलात. चौकट वर घेतली तेव्हा नळ्या दिसत नव्हत्या, इतका थर होता. तुम्ही म्हणालात, "एका रात्रीत केवढं चढलंय बघ." आणि स्वतः पुसायला बसलात. मी शेजारी फडकं धरून उभी होते.

निकाल आला तो त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी. पाणी जंतूंनी भरलेलं. तो कागद तुम्ही माझ्यासमोर उभं राहून वाचलात, खिडकीकडे गेलात. खिडकीतून कालव्याकाठची वस्ती दिसायची. मग वळून विचारलंत, "त्या संध्याकाळी नळ्या पुसल्या होत्यास ना?"

"हो."

"पाचही?"

"पाचही."

तुम्ही मान हलवलीत. माझ्यावर संशय घेतल्याबद्दल तुम्हालाच वाईट वाटलं असावं, कारण तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. म्हणालात, "मग माझंच चुकलं. पाच पुरत नाहीत. हे पाणी मी असं सोडू शकत नाही, माणसं आहेत तिथे." आणि तासाभरात तुम्ही ब्लीचिंग पावडरची पोती फोडायला लावलीत. किती घालायची याचंही गणित होतं, पण आता तुमचा स्वतःवर विश्वास नव्हता, तुम्ही सांगितलंत, "थोडी जास्तच घाला." मी दारात उभी होते. पोतं फोडायच्या आधी, फोडताना, फोडल्यावर, प्रत्येक वेळी मला वाटलं, आता सांगते. बाबा, मी जीभ चावून धरली होती असं नाही. मी नुसती उभी होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी माणसं आली. कोणी घोषणा दिल्या नाहीत. टोपल्या खाली ठेवल्या आणि बाजूला सरकले. टोपल्यांत मेलेले मासे होते, रुई, कातला, पांढरी पोटं वर केलेले. म्हातारा मुकादम पुढे आला. "बाबू, आपनि कथा दियेछिलेन," तो म्हणाला. शब्द दिला होता तुम्ही. तुम्ही हात जोडलेत. "दिला होता," म्हणालात. "चूक माझी आहे. माझं गणित चुकलं." त्याला शिव्या द्यायच्या असाव्यात, त्या तुम्ही जोडल्या हातांनी आधीच घेऊन टाकल्यात. मग तो टोपल्या तिथेच ठेवून निघाला. त्या तळ्यांवर त्या हंगामात पुन्हा मासे धरले गेले नाहीत. काही कुटुंबं हावड्याकडे कारखान्यांत गेली असं नंतर ऐकलं.

चौकशीत तुम्ही तेच सांगितलंत, लिहून दिलंत. नळी मुलीच्या हातून फुटली याचा उल्लेखसुद्धा केला नाहीत, "माझ्या देखरेखीखाली फुटली" असं लिहिलंत. दिवे काढून गोदामात टाकले गेले आणि पुन्हा पावडर सुरू झाली. तुम्हाला नागपूरच्या कचेरीत टेबलावर बसवलं. जायच्या आदल्या दिवशी तुम्ही मला स्लाइड रूल दिलात, त्याच्या चामडी घरासकट. "तुझ्याकडे राहू दे. मला आता आकड्यांचा भरवसा वाटत नाही." लोक मुलीला काय काय देतात. मी तो दोन्ही हातांनी घेतला आणि वाकून नमस्कारही केला.

नागपूरला तुम्ही साधी भाजी घेऊन आलात तरी वजन आईला पुन्हा बघायला सांगायचात. दाराची कडी लावून परत जाऊन बघायचात. चार वर्षांत तुम्ही गेलात. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं, आणि असेल ते. पण तुम्ही शेवटच्या दिवसांत एकदा मला विचारलंत, "कुठे चुकलं असेल गं? पाण्याचा वेग मी कमी धरला होता?" मी म्हटलं, "जाऊ द्या ना बाबा आता." तुम्ही ते जाऊ दिलं नाहीत. तुमच्या उशाखाली कागद सापडले, सगळ्यांवर तेच गणित, आणि सगळ्यांचं उत्तर पाचच. पाच पुरतात असंच तुमचं उत्तर दरवेळी येत होतं, आणि तरी तुम्ही पुन्हा मांडत होतात. ते कागद मी जाळले.

आई तुमच्यामागे खूप वर्षं जगली, गेल्या महिन्यात गेली. घरी कोणी तुमचा विषय काढला की ती म्हणायची, "माणूस देवासारखा होता, पण त्या एका गणितात फसला आणि मग खचला." पाहुण्यांना सांगायची, माझ्या मुलांना सांगायची. मी तिथेच असायचे, चहा गाळत, कपड्यांच्या घड्या घालत. मी स्वतःला सांगत आले, की म्हातारपणी तिला कशाला त्रास. ते खरं नाही. ती माझ्याकडे पूर्वीसारखी बघेनाशी झाली असती, आणि मला ते नको होतं. तुम्ही नव्हतात, म्हणून चूक तुमच्या नावावर राहिली तरी मला चालून गेलं.