जोर कुठं द्यायचा

सोमवार, ३ फेब्रुवारी
सेमीया म्हणजे बियाणं. माझा पहिला स्पॅनिश शब्द. कंपनीचं मिरचीचं बियाणं मेक्सिकोला जाणार, म्हणून ऑफिसनं मला ऑनलाइन क्लास लावून दिलाय. घरी मोठ्यानं म्हणून राह्यले – से-मी-या, जोर 'मी'वर. अम्मी किचनमधून म्हणाली, "सेवय्या? ईद को वक्त है अभी."
अब्बा खाटेवर. दिवाळीच्या सुमारास लकवा मारला, तेव्हापासून एक शब्द न्हाई. समजतं सगळं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
आज शब्द तोडायचे नियम. शेवटी स्वर, न किंवा स असंल तर जोर शेवटून दुसऱ्या तुकड्यावर. न्हाई तर शेवटच्यावर. जिथं हे मोडतं तिथं वर छोटी रेघ. बस. एवढ्यावर कधी न ऐकलेला शब्दही बराबर वाचता येतो.
आणि आब्लो! 'आ'वर जोर दिला तर 'मी बोलते'. 'ब्लो'वर दिला तर 'तो बोलला'. माणूस बदलला, काळ बदलला – नुसत्या जोरानं. संध्याकाळभर तेच म्हणत बसले.

रविवार, ९ फेब्रुवारी
आल्गोदोन – कापूस. क्लासच्या मॅडम म्हणाल्या, मूळ शब्द अरबी, अल-कुत्न. अब्बांना सांगितलं. मंठ्याच्या जिनिंग मिलमध्ये जन्मभर कापूसच बघितला त्यांनी. उजवा हात चालत न्हाई, म्हणून त्यांचा डावा हात धरून खाटेवर थापट्या मारल्या. आल-गो-दोन. शेवटची जोरात. मी थांबले. त्यांचा हात थांबला न्हाई. खाटेवर तसाच वाजून राह्यला, शेवटची थाप जोरात.


मंगळवार, ११ फेब्रुवारी
आज मुद्दाम चुकवलं. से-मी-या, जोर 'या'वर. अब्बांनी मान हलवली. मी परत म्हणताना बराबर 'मी'वर माझा हात दाबला. आत सगळं शाबूत आहे. बिलकुल शाबूत.
डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, "चालू ठेवा. बोलणं जातं तरी कधी कधी ताल राहतो. तिथून वाट निघू शकते." आता उर्दू शब्दपण असेच तोडते. पा-नी. रो-टी.

शनिवार, २२ फेब्रुवारी
अब्बांचे ओठ हलून राह्यले. आवाज न्हाई.

सोमवार, २४ फेब्रुवारी
सकाळी अम्मी चहा घेऊन आली. अब्बा म्हणाले, "जु-बे-दा."
आजपर्यंत त्यांनी तिला कधी नावानं हाक मारली न्हाई. माझं नाव लावून 'इरम की अम्मी', एवढंच. अम्मी कप धरून तशीच उभी. मंग हळूच म्हणाली, "जी."