पाच दिवसांची पुडी

बाई, तुम्ही आज असता तर हे बोलायची माझी छाती झाली नसती, हे आधीच सांगते. एकाहत्तरच्या हिवाळ्यात तुमच्या कोल्हारच्या दवाखान्यात मी नवी नर्स होते. घसा सुजलेलं, तापलेलं पोर आलं की तुमचं एकच पालुपद: दहा दिवस पेनिसिलीनच्या गोळ्या, नाहीतर कमरेत एक मोठं इंजेक्शन. ताप तिसऱ्या दिवशी उतरला तरी दहा म्हणजे दहा. "घसा बरा होतो गं, हृदयाची झडप मागाहून बिघडते," म्हणायचात.

त्या दिवशी दोन पोरी आल्या. एक गावातली, दुसरी ऊसतोडीवाल्यांची, असेल आठ-नऊ वर्षांची. इंजेक्शनाला दोघींच्या आया नको म्हणाल्या. बाटलीत एकीपुरत्याच गोळ्या, नगरहून माल सोमवारी येणार. तुम्हाला विचारायला हवं होतं. पण साठा संपत आल्याचं वेळेवर सांगत नाही म्हणून सकाळीच तुम्ही मला सगळ्यांदेखत झापलं होतंत. पुन्हा कोण तोंड देणार! शिवाय मला वाटायचं, या बाया कुठं दहा दिवस देतात? उरलेल्या गोळ्या मिसळणाच्या डब्यात जातात आणि पुढं शेजारणीच्या पोराला मिळतात. मी पाच-पाच दिवसांच्या पुड्या बांधल्या. "संपल्या की या," म्हणाले. गावातली आली. ऊसतोडीची टोळी तोवर दुसऱ्या गावाला गेली होती.

महिन्याभरात ती पोर बापाच्या खांद्यावरून येते. गुडघे सुजलेले, धाप लागलेली. तुम्ही तिच्या छातीला नळी लावता आणि बराच वेळ काढतच नाही. मग आईवर कडाडता, "ताप उतरला की गोळ्या बंद! पोरीच्या जिवाशी खेळलीस तू."

"पाचच दिसाच्या व्हत्या, बाई. येक बी ठिवली न्हाई म्या, द्येवाशपथ."

तुम्ही माझ्याकडे वळता. "किती दिल्या होत्यास?"

"दहा दिवसांच्या," मी म्हणते.

तुम्ही पोरीला नगरला पाठवलंत. पुढं तिचं काय झालं, मी कधी विचारलं नाही. आता पाच दिवसांचा, पण दिवसातून जास्त वेळा घ्यायचा कोर्स दहाच्या बरोबरीचा आहे का, हे ताडून बघतात. घसा पाचातही बरा होतो म्हणे, पण हृदयाचं कुणी छातीठोक सांगत नाही. असलं काही छापून आलं की मी अधाशासारखी वाचते, मला सोडवणारं एखादं वाक्य मिळतंय का बघत. लाज वाटते मला.

हे पत्र मी कुठं टाकणार! पण एक सांगायचं राहिलं. जाताना ती आई माझ्याजवळ थांबली होती. "तुमी शिकल्याली मानसं. माझंच चुकलं आसंल," म्हणाली. आणि बाई, मला हायसं वाटलं होतं.