मामीच्या फळीची गिटार

इंदोरा, नागपूर
२९ मार्च

ती. बळीराम मामाजींले,
तुमच्या भाच्याचा, प्रेमानंदचा, सप्रेम जय भीम.

गुडघा कसा आहे? गोळ्या जेवणानंतर घ्या, जेवणाऐवजी नाही. इकडे आम्ही तिघंही ठीक. फक्त मेघाचा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली आला आहे, आणि त्याच्यापायी माझा अख्खा महिना गेला.

अंजनामामीच्या हातमागाची बसायची सागवानी फळी तुम्ही पोरीच्या इलेक्ट्रिक गिटारसाठी दिली, तेव्हा एकच बोलले होते, 'याले रंधा लावू नको गा.' मी लावला नाही. तीन इंच जाडीची फळी तीन इंचच ठेवून गिटारच्या आकारात कापली, मान जोडली, तारा लावल्या. आवाज झकास आला. पण नत्थूजीच्या पिठाच्या चक्कीवर काट्यावर ठेवली तर सात किलो भरली. (नत्थूजी विचारते, बारीक दळू की जाड?) चौदा एप्रिलले पोरगी जयंतीच्या स्टेजवर पहिल्यांदा वाजवणार, तेही दोन तास उभ्यानं. इथं तर पाचव्या मिनिटाले ती गिटार गळ्यात घेऊन पलंगावर बसली, रडकुंडीले येऊन.

आमच्या गल्लीतले रुपरावजी मिस्त्री म्हणाले, लाकूड पाणी पिऊन बसलं असन, ऊन दाखवा. आठ दिवस गच्चीवर दाखवलं. गिटार छटाकभरही उतरली नाही, तिची राखण करता करता मी मात्र दोन किलो उतरलो. (तुमची सूनबाई सरिता म्हणते, चला, तेवढा तरी फायदा.)

आता मामाजी, हे बसून वाचा. रंधा मी नाहीच लावला, तुमचा शब्द पाळला. पटाशी लावली. मामी बसून बसून जी बाजू गुळगुळीत झाली ती पुढं तशीच ठेवली, आणि मागून ड्रिलनं भोकं पाडून आतलं लाकूड पटाशीनं कोरून काढलं. एक भोक जोशात आरपार गेलं. तिथं आता एक बटण बसवलं आहे. ते काहीच करत नाही, पण मेघा ते फिरवते आणि शेजारचे उन्मेषभाऊ मान हलवून म्हणतात, वा, आता कसा फरक पडला!

आता चार किलो भरते. तुम्हाले राग आला असन तर मले बोला, पोरीले नाही. कोरलेलं लाकूड पिशवीत भरून ठेवलं आहे, माझ्याच्यानं फेकवलं नाही गेलं.

तुमचा,
प्रेमानंद

ता. क. खरी गोष्ट राहूनच गेली. अंग हलकं झालं तर गिटारची मान जड पडली. हात सोडला की खाली लोळते, डाव्या हातानं धरूनच ठेवा लागते. मागच्या टोकाले अर्धा किलो वजन बांधलं की जमते. (हो, काढलं मीच, लावून राहिलो मीच. हसू नका.)

आणखी एक. मामीच्या मागाले ताण द्यायले जी लोखंडी वजनं लटकायची, त्यातलं एक पाहिजे. बसच्या कंडक्टरजवळ देऊ नका, स्वतः घेऊन या. मामी गेल्यापासून तुम्ही उमरेडच्या बाहेर पाय ठेवला नाही, मले ते बिलकुल बरं नाही वाटत. मेघानं तर सांगूनच टाकलं आहे: आजोबा नाही आले तर मी स्टेजवर दोन तास नुसती गिटारची मान धरून उभी राहीन, आणि लोकांनी विचारलं, वाजवून काहून नाही राहिली वं, तर तुमचं नाव सांगीन.